आडवी डहाळी

कुरखेड्यात कय्यूम शेखला तोंडावर ‘कय्यूमभाई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘नाकमुरड्या’. दोन्ही नावं त्याला ठाऊक आहेत, आणि दोन्ही त्यानं आपल्या कष्टानं मिळवली आहेत. बसस्टँडच्या अलीकडे, उसाच्या रसवंतीला लागून त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वय एकसष्ट. समोर सायकल आली की हा माणूस आधी हात लावत नाही, नाक लावतो. चेनला घरातलं गोडंतेल ओतलेलं असलं की त्याला दुरूनच कळतं. "भजे तळायचे होते काय बे हिच्यात?" असं विचारून तो सायकल परत पाठवतो, आणि घरून पुसून आणल्याशिवाय पान्याला हात घालत नाही. स्पोकांवर तंबाखूच्या खर्ऱ्याची पिचकारी दिसली तर मग विचारूच नका. त्या दिवशी गिऱ्हाइकाचा बापसुद्धा शिव्यांतून सुटत नाही.

"अल्लाह ने सबको नाक दी सूँघने को, इनको दी मुरडने को," असं साबिरा म्हणते. ती त्याची बायको, आणि छत्तीस वर्षं त्या नाकाखाली स्वयंपाक करत आली आहे, म्हणजे तिला बोलायचा हक्क आहे.

पण कय्यूमचं नाक जंगलात गेलं की सरळ होतं, हे गावात फार लोकांना माहीत नाही. बापाचं दुकान तासाच्या भाड्यानं सायकली द्यायचं. पोरगा सोळा वर्षांचा झाला तसं बापानं एका सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी बांधली, तिच्यात पाने, पंप, सोल्यूशनची ट्यूब, रबराचे तुकडे आणि पंक्चर बघायचं लहान घमेलं भरलं, आणि सांगितलं, जा, बाजार कर. तेव्हापासून दर गुरुवारी तो पुराड्यावरून बेडगावच्या घाटाकडे जात आला. डांबरी रस्त्यानं नव्हे, रानातल्या वाटांनी. कुठल्या उतारावर ब्रेक सोडायचा, कुठल्या नाल्यात एप्रिलपर्यंत पाणी राहतं, कुठल्या ऐनाच्या झाडाखाली दुपारी वारा लागतो, हे त्याच्या पायांना पाठ झालं. वाटेतल्या प्रत्येक टोल्यावर, म्हणजे दहा-पंधरा घरांच्या वस्तीवर, कुणाची ना कुणाची सायकल त्याची वाट बघत असे.

त्याच वाटांवर त्याला लटारू भेटला, आणि भेटला तो चांगलाच भेटला. कय्यूम तेव्हा सोळाचाच. घाटाच्या पायथ्याशी चिचटोला म्हणून धानकऱ्यांची दहा-बारा घरं आहेत. त्याच्या अलीकडे वाट फुटते: एक टोल्यात जाते, एक खाली नाल्याकडे. नाल्याची वाट जवळची. तिच्या तोंडाशी एक हिरवी फांदी आडवी पडलेली होती. कय्यूमनं तिच्यावरून चाक घातलं तोच मागून कुणीतरी कॅरिअर धरून असा हिसका दिला की सायकल, पेटी आणि कय्यूम तिघंही धुळीत. वर उभा होता त्याच्याच वयाचा एक काळाशार पोरगा.

"आंधळा हायेस काय बे? डहाळी दिसली नाई तुले? धोंडा दिसला नाई?"

त्या दिवशी त्या वाटेवर पुढे वाघीण मारलेल्या रानडुकरापाशी बसली होती. कय्यूम तिच्या ताटातच जाऊन पडला असता. लटारूनं त्याला घरी नेलं, आईकडून आंबील पाजली, आणि या रानाचा कायदा शिकवला. वाटेच्या तोंडाशी हिरवी डहाळी आडवी दिसली की तिकडे जायचं नाही. नुसती डहाळी असेल तर वाट बंद. डहाळीवर धोंडा असेल तर पुढे जनावर आहे. जो आधी बघेल त्यानं टाकायची, आणि धोका टळला हे ज्यानं बघितलं त्यानंच उचलायची. कुणाला सांगत फिरायचं नाही, कारण डहाळी सांगते. शहाणपण एवढंच, पण त्यावर या डोंगरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिवंत घरी आली.

पुढे लटारूचं लग्न झालं, गुणाबाई आली. आई गेल्यावर गुरुवारची आंबील गुणाबाईकडे आली. ही बाई मोठी ठसक्याची. पहिल्याच गुरुवारी कय्यूमनं भाजीकडे बघून नाक मुरडलं, तर ती म्हणाली, "भाऊ, नाक घरी ठेवून येत जा, इथी तोंड पुरते." तेव्हापासून कय्यूम जे वाढलं ते गुमान खातो. साबिराला हे कळलं तेव्हा तिनं गुणाबाईला ईदेला शिरखुर्म्याचा डबा पाठवला, आणि सोबत निरोप, की हे औषध मलाही शिकव.

मग सायकली गेल्या. टोल्याटोल्यावर मोटरसायकली आल्या. दुकानात उरल्या त्या शाळेतल्या पोरींच्या सरकारी सायकली. गुरुवारची पेटी उघडावीही लागेना. तरी कय्यूम जात राहिला. आता तो बाजार करायला जात नव्हता, जेवायला आणि लटारूशी भांडायला जात होता. ज्या वाटा त्याला पाठ होत्या त्यांचं कुणालाच काही पडलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला आतून खुपायची. माणूस म्हातारा होतो त्याचं काही नाही. आपल्याला जे येतं ते कुणी विचारेनासं होतं, ते फार वाईट.

अशा वेळी, गेल्या वर्षी फेब्रुवारीत, धनराज आला.

धनराज नागपूरचा, पस्तिशीचा, तिथल्या एका सायकल क्लबचा म्होरक्या. तो दुकानासमोर उतरला तेव्हा कय्यूमला आधी वास आला, खोबरं आणि औषध मिसळल्यासारखा. उन्हाचं मलम होतं म्हणे. मांड्यांना चिकटलेली चड्डी, डोळ्यांवर माशीसारखा काळा चष्मा, आणि सायकल? तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, आणि स्टँडसुद्धा नाही! एवढी महागाची सायकल, आणि तिला टेकवायला त्यानं कय्यूमच्या दुकानाच्या फळीचा आधार घेतला. कय्यूमच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या सायकलीला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही तिला सायकल म्हणायचं कशाला?

पण धनराजनं मोबाइलवर नकाशा उघडला आणि म्हणाला, "काका, सगळे सांगतात इथल्या वाटा फक्त तुम्हाला माहीत आहेत. ही रेघ पुढे कुठं निघते?"

कय्यूमनं चष्मा पुसला. पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदा कुणी विचारत होतं. "ही कुठीच निघत नाई," तो म्हणाला. "तुमचा नकाशा खोटा हाये. रस्ता इकडून जाते." आणि मग तो दुपारपर्यंत बोलत राहिला. धनराज मधूनमधून "अमेझिंग!" म्हणायचा. हरभऱ्याच्या झाडावर चढायला कय्यूमला शिडीही लागली नाही.

ठरलं असं: मार्चच्या शेवटच्या रविवारी नागपूरहून चाळीस जण येणार, कुरखेड्याहून निघून रानातल्या वाटांनी घाटापर्यंत जाणार आणि परत. पळस फुललेला असतो, कुसुंबाला लाल पालवी असते, फोटो चांगले येतात, म्हणून मार्च. मार्ग कय्यूमचा. सोबत बिघाड बघायला मिस्तरीही कय्यूमच.

गुरुवारी त्यानं हे लटारूला सांगितलं. लटारू घराच्या ओट्यावर बसून मोहफुलांसाठी टोपली विणत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मोहाचे दिवस हायेत," तो म्हणाला. "बाया अंधारातच झाडाखाली जातेत. त्यात तुझे हे चाळीस जन. अस्वलं येऊन राह्यलीत फुलं खायाले. बाहेरचा मानूस रानात आला का काई ना काई इस्कटतेच."

"मी हावो ना सोबत."

"तू हायेस म्हनूनच इचारून राह्यलो."

"जबान देतो तुले," कय्यूम म्हणाला. "माझ्या रस्त्यावर एक पान इकडचं तिकडं नाई होनार."

आतून गुणाबाई म्हणाली, "जबान जेवन झाल्यावर द्या भाऊ, भात थंडा होऊन राह्यला." ते हसले. लटारूनं टोल्यातल्या लोकांना सांगितलं, कय्यूम सोबत आहे, काळजी नको. टोल्यानं ते मानलं. क्लबवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. विश्वास कय्यूमवर होता.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, क्लबची पहिली तुकडी पिकअप गाडी घेऊन आली. मार्गावर खुणा करायच्या होत्या आणि ‘स्वच्छता मोहीम’ राबवायची होती. कय्यूमला त्यांनी एक पोपटी टीशर्ट दिला, पाठीवर लिहिलेलं, ‘चालता-बोलता नकाशा’. कापड असं की घाम शोषायचा नाही, उलट वास धरून ठेवायचा. त्यानं ते नाक मुरडून हातात घेतलं, आणि घरी जाऊन आरशासमोर दोनदा घालून बघितलं. साबिरा दारात उभी राहून बघत होती.

त्या दिवशी जे जे झालं त्याचा त्याला वीट आला. गुलाबी रंगाचा फवारा घेऊन एक जण ऐनाच्या खोडांवर बाण मारत होता, चांगल्या शंभर वर्षांच्या झाडांवर. दुसरा प्लास्टिक गोळा करत होता आणि स्वतः चोखून रिकामं केलेलं जेलचं चिकट पाकीट खिशातून खाली पाडत होता. वाटेत दगडांचा देव होता, शेंदूर लावलेला. त्याच्या मागे जाऊन एक जण मोकळा झाला आणि परत येताना म्हणाला, काय शांतता आहे! कय्यूमला शिसारी आली. हा त्याचा देव नव्हता, पण घाण ती घाण. तो बोलणार होता. प्रत्येक वेळी बोलणार होता. पण धनराजच्या हातात कॅमेरा होता, आणि कॅमेरा कय्यूमकडे वळलेला होता.

चारच्या सुमारास गाडी चिचटोल्याच्या फाट्यावर थांबली. "काका, इथं उभे राहा, उजेड मस्त आहे," धनराज म्हणाला. "ती वाघिणीची गोष्ट सांगा." कय्यूमनं केसांवरून हात फिरवला आणि सांगायला लागला. मी सोळा वर्षांचा होतो, सायकलवर पेटी होती, याच फाट्यावर. आवाज चांगला लागला होता. आजूबाजूचे पाच-सहा जण हातातली कामं सोडून ऐकत होते. पंचेचाळीस वर्षं पोटात राहिलेली गोष्ट शेवटी कुणीतरी ऐकत होतं.

तेवढ्यात दिव्यानी आली. ही क्लबमधली पंचविशीची मुलगी, सगळ्यांत कमी बोलणारी आणि खरंच कचरा उचलणारी ती एकटीच. नाल्याच्या वाटेच्या तोंडाशी ती उभी होती. "काका," तिनं हाक मारली, "ही फांदी पडलीय आडवी. वर दगडही आहे. उचलू ना? उद्या कुणाचं चाक घसरेल."

कय्यूमनं तिकडे बघितलं. जांभळीची डहाळी होती. पानं अजून टवटवीत, म्हणजे दुपारची असावी. वर मधोमध धोंडा. तो ज्या डहाळीची गोष्ट कॅमेऱ्याला सांगत होता तीच डहाळी समोर पडलेली होती, आणि त्याच्या मनात काय आलं? त्याच्या मनात आलं, की ही पोरगी मधेच बोलली आणि माझी गोष्ट तुटली. त्यानं कॅमेऱ्यावरची नजर न काढता डावा हात झटकला, माशी हाकलावी तसा. उचल, हो बाजूला.

दिव्यानीनं धोंडा कडेला ठेवला आणि डहाळी गाडीत टाकली.

गाडी निघाल्यावर त्याला डहाळीवरचा धोंडा आठवला. पण लगेच त्यानं मनाची समजूत काढली. आपले सायकलवाले नाल्याकडे जाणारच नाहीत, बाण सरळ आहेत. टोल्यातल्या लोकांना कळलं असेलच. आणि उद्या सकाळी निघायच्या आधी आपण पुढे येऊन नवी डहाळी टाकून देऊ. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणांची ददात पडत नाही.

रविवारी सकाळी तो पुढे जाऊ शकला नाही. कुरखेड्यातून निघता निघताच एकाचे गिअर अडकले, दुसऱ्याच्या ट्यूबमधून हवा जायला लागली. दोन्ही धन्यांना आपल्या सायकलीला पाना कुठं लागतो तेही माहीत नव्हतं. ते हात कमरेवर ठेवून "काका, लवकर होईल ना?" विचारत उभे होते, आणि कय्यूम रस्त्याच्या कडेला मांडी घालून, पोपटी टीशर्टात, त्यांच्या चिकट चेनमध्ये बोटं घालून बसला होता. मनातल्या मनात तो त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. तेवढ्यात टोल्याकडून मोटरसायकल आली. चालवणारा गडी उतरलाच नाही.

"कय्यूमभाऊ, गुनाबाईले अस्वलीनं धरलं. नाल्यावरच्या मोहाखाली."

अस्वलीबरोबर दोन पिलं होती. पलीकडच्या टोल्यातल्या वारलूनं ती शनिवारी दुपारी बघितली, वाटेवर डहाळी टाकली, धोंडा ठेवला आणि तो कोरचीला निघून गेला. सांगायची गरज नव्हती. रविवारी पहाटे गुणाबाई टोपली घेऊन फाट्यावर आली, तिनं वाट बघितली, वाट मोकळी होती. ती गेली.

कय्यूम पोचला तेव्हा तिला बाजेवर घालून रस्त्यावर आणलं होतं. तोंडावर लुगड्याचा पदर टाकलेला, आणि पदर सगळा भिजलेला. क्लबची पिकअप तिथं आली होती. "वाघ होता का?" धनराजनं विचारलं. अस्वल म्हटल्यावर त्याचा चेहरा किंचित पडला. कय्यूमनं ते बघितलं, आणि त्याला उभ्या उभ्या ओकारी येईल असं वाटलं. या माणसाला वाघ हवा होता! दिव्यानी मात्र काही न विचारता गाडीत मागे चढली, गुणाबाईचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि गडचिरोलीपर्यंत कापड दाबून धरलं. या पोरीचा राग करावा म्हटलं तर तेही कय्यूमला जमेना.

गुणाबाई वाचली. डावा डोळा गेला, गाल शिवून काढावा लागला. चार दिवसांनी कय्यूम आणि साबिरा दवाखान्यात गेले. लटारू खाटेशेजारी जमिनीवर बसला होता, चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. गुणाबाईच्या पट्ट्यांमधून एक डोळा आणि अर्धं तोंड एवढंच बाहेर होतं. त्या अर्ध्या तोंडानं ती म्हणाली, "भाऊ, आज गुरुवार नं? जेवले काय?"

साबिरानं पदर तोंडाला लावला.

मग लटारू बोलला. "वारलू म्हंते त्यानं डहाळी टाकली होती. धोंडा बी ठेवला होता. वारलू खोटं नाई बोलत. मंग उचलली कोनं?" त्यानं कय्यूमकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता, हेच वाईट होतं. "तू होतास ना त्यायच्यासोबत. तुले काई दिसलं?"

इथे कय्यूमनं सांगायला हवं होतं. त्याच्या तोंडात ते आलंही होतं. पण तो म्हणाला, "पाह्यतो. इचारतो त्यायले." आणि चहा आणायच्या निमित्तानं उठून बाहेर आला. बाहेर दवाखान्याच्या भिंतीवर खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या होत्या, कोपऱ्यात कुणाची तरी उलटी वाळलेली होती, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा कय्यूमनं असल्या जागी नाक मुरडलं नाही. तिथली सगळ्यांत घाण वस्तू आपणच आहोत हे त्याला स्वच्छ कळलं होतं.

आठ दिवसांनी धनराजनं चित्रफीत टाकली. खाली बासरी, वर पळसाची फुलं, आणि मधे कय्यूम शेख, चालता-बोलता नकाशा. हजारो लोकांनी बघितली. कुरखेड्यात पानठेल्यावर पोरं फोन घेऊन धावत आली, कय्यूमभाई, तुम्ही तर हिरो झालात! घरी साबिरा फोन डोळ्यांपाशी धरून बसली होती. तिनं ती परत लावली, परत थांबवली. मागून पोरीचा आवाज येतो, ही फांदी पडलीय आडवी, वर दगडही आहे, उचलू ना? आणि पुढे पोपटी टीशर्टातला माणूस, डहाळीचीच गोष्ट सांगता सांगता, हात झटकतो.

"ये हाथ आपका है?" साबिरानं विचारलं.

कय्यूम चटईची सुटलेली काडी ओढत बसला. "तो मग बोलते काऊन नाई?" ती हिंदी-मराठी सगळं एकत्र करून ओरडली. "उस औरत ने पूछा, खाया क्या! और तुम चाय लाने गये!" तिनं फोन चटईवर टाकला आणि ती आत गेली. टीशर्ट दोरीवर वाळत होता. तो तिनं ओढून काढला आणि दुकानाच्या चिंध्यांमध्ये फेकला. तेव्हापासून कय्यूम त्यानं चेन पुसतो.

चिचटोल्यात फोन होतेच. कुणीतरी लटारूला चित्रफीत दाखवली असणार. कय्यूमनं दोनदा त्याला फोन लावला, उचलला गेला नाही.

मे महिन्यात गुणाबाई घरी आल्याचं कळलं. पुढच्या गुरुवारी कय्यूमनं पेटी बांधली. पेटीत पान्यांच्या बाजूला साबिरानं शिरखुर्म्याचा डबा ठेवला, ईद नव्हती तरी. कय्यूमनं वाटभर वाक्य जुळवलं. मीच हात केला. मले दिसली होती डहाळी. मले धोंडाबी दिसला होता. एवढंच बोलायचं, माफी मागायची नाही, कारण माफी मागायचं तोंड त्याला नव्हतं. शिव्या खायच्या, मार खायचा असेल तर खायचा, आणि गुणाबाई जे वाढेल ते गुमान खायचं. ऐनाच्या खोडांवरचे गुलाबी बाण अजून तसेच होते, झुडपांत क्लबवाल्यांनी फेकलेले ओले कागदी रुमाल अडकून वाळले होते. पुढच्या हंगामात हाच मार्ग पुन्हा करायचा असं क्लबनं जाहीर केलं होतं, आणि त्याला नाव दिलं होतं, ‘कय्यूम काका ट्रेल’.

फाट्यावर तो आला आणि त्याचे पाय आपोआप थांबले.

नाल्याची वाट मोकळी होती. टोल्याच्या वाटेच्या तोंडाशी, जिथून लटारूचं कौलारू घर दिसतं, तिथं जांभळीची हिरवी डहाळी आडवी पडलेली होती. कय्यूमनं खाली वाकून बघितलं. धोंडा नव्हता. म्हणजे पुढे जनावर नव्हतं. फक्त वाट बंद होती.

तो अर्धा तास तिथं उभा राहिला आणि परत आला. साबिरानं डबा उघडून बघितला, भरलेला होता.

दुसऱ्या गुरुवारी तो पुन्हा गेला. उन्हाचे दिवस, आठवड्याची डहाळी असती तर पानं कुरकुरीत वाळून गेली असती. पण पानं ताजी होती, आणि तुटलेल्या टोकाला ओल होती. कुणीतरी आजच सकाळी तोडून आणली होती. दर गुरुवारी, कय्यूम यायच्या वेळेआधी, लटारू नाल्यावर जाऊन जांभळीची फांदी तोडत होता, आणि ती आणून इथं ठेवत होता. तो अजूनही कय्यूमची वाट बघत होता, फक्त अशी.

कय्यूम सायकल धरून उभा असतानाच मागून मोटरसायकल आली. टोल्यातलेच दोन जवान गडी होते, कानाला गाणी लावलेली. त्यांनी डहाळीकडे बघितलंही नाही. चाक तिच्यावरून गेलं, डहाळी फरपटत कडेला सरकली, आणि टोल्याची वाट सताड उघडी पडली. घराच्या ओट्यावर कुणीतरी लुगड्यातलं बसलेलं इथूनही दिसत होतं. दोनशे पावलं असतील.

कय्यूमनं सायकल झाडाला टेकवली नाही, स्टँडवर लावली. मग तो गेला, चाकाखाली सरकलेली डहाळी त्यानं दोन्ही हातांनी उचलली, तिची मोडलेली पानं झाडली, आणि ती होती तशी वाटेच्या तोंडाशी आडवी ठेवली. नीट बसली की नाही ते एकदा बघितलं. मग स्टँड काढला आणि सायकल कुरखेड्याकडे वळवली.